सात वर्षांचा नातू, अकरा वर्षांची नात आणि आजी: नार्निया घरात मोठ्याने वाचावे का, आणि कोठून सुरुवात करावी?

सांजवेळ

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत रात्रीची जेवणे आटोपली की सगळ्यांनी मिळून एक पुस्तक ऐकायचे, असा आमच्या घरी गेल्या दोन वर्षांत पायंडा पडला आहे. श्रोते तीन आहेत: सात वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे मी डोळ्यांनी इंग्रजी वाचते आणि तोंडाने मराठीत सांगते. यंदा सी. एस. लुईस यांची, नार्निया या जादूच्या जगाच्या गोष्टी सांगणारी मालिका घ्यावी असे मनात आहे आणि सात पुस्तकांचा संच घरी आणूनही ठेवला आहे.

संच उघडला आणि तिथेच अडले. कॉलेजात असताना मी यातले कपाटाचे पुस्तक, म्हणजे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, पहिले म्हणून वाचले होते. या संचात मात्र त्याच्या कण्यावर २ हा आकडा आहे आणि १ हा आकडा ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर आहे. तर सुरुवात कोठून करावी? सात वर्षांच्या मुलाला ही मालिका झेपेल का? आणि तिच्यात ख्रिस्ती धर्म दडलेला आहे असे नेहमी ऐकते, त्याचे घरात काय करायचे? वसुबारसेला पहिले पान उघडायचे आहे.

ग्रंथपाल_निवृत्त

शाळेच्या ग्रंथालयात बरीच वर्षे काढल्यामुळे या प्रश्नाला मी अनेकदा उत्तर दिले आहे: कपाटापासूनच सुरुवात करा आणि कण्यावरचा आकडा विसरून जा. पुस्तके ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली तो क्रम असा की कपाटाचे पुस्तक १९५० मध्ये आले, त्यानंतर दरवर्षी एक याप्रमाणे ‘प्रिन्स कॅस्पियन’, ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’, ‘द सिल्व्हर चेअर’, ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ आणि ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ अशी पुस्तके येत गेली, आणि १९५६ मध्ये ‘द लास्ट बॅटल’ने मालिका संपली. नार्नियातल्या काळानुसार पाहिले तर ‘नेफ्यू’ सर्वांत आधीचे, कारण त्यात ते जग जन्माला येते. म्हणून अलीकडच्या संचांवर त्याला पहिला क्रमांक मिळाला आहे.

पण गोष्ट घडते कधी आणि सांगायची कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बर्फात उभा असलेला दिव्याचा खांब तिथे कोणी रोवला, हे कपाटातून त्या जगात शिरणाऱ्या लूसीला ठाऊक नसते आणि आपल्यालाही ठाऊक नसते, आणि त्या न कळण्यातच सगळी गंमत आहे. पाच पुस्तके झाल्यावर ‘नेफ्यू’मध्ये तो खांब जमिनीतून उगवताना दिसतो, तेव्हा मुले अक्षरशः ओरडतात. आधी उत्तर आणि मग कोडे, असा क्रम लावला तर कोणीही ओरडणार नाही.

अर्धविराम

काकांचा अनुभव मान्य, पण खुद्द लेखकाचे मत उलट होते, हे सांगायला हवे. एका अमेरिकन मुलाचा आणि त्याच्या आईचा नेमका याच मुद्द्यावर वाद झाला होता. मुलाला काळाचा क्रम हवा होता आणि आईला प्रसिद्धीचा. लुईस यांनी १९५७ मध्ये त्या मुलाला पत्र लिहून त्याची बाजू घेतली. आताच्या क्रमांकांमागे त्याच पत्राचा आधार सांगितला जातो.

ग्रंथपाल_निवृत्त

पत्र खरे आहे, पण ते पुढेही वाचावे. त्याच पत्रात त्यांनी कोणत्या क्रमाने वाचले याने फारसे बिघडत नसावे, असेही म्हटले आहे. एका मुलाला खूश करणारे ते सौजन्याचे उत्तर आहे. पुस्तकातला पुरावा त्याहून भक्कम आहे. कपाटाच्या पुस्तकात अस्लान या नार्नियातल्या सिंहाचे नाव प्रथम निघते, तेव्हा निवेदक म्हणतो की अस्लान कोण हे तुमच्याप्रमाणेच त्या मुलांपैकीही कोणाला ठाऊक नव्हते. ‘नेफ्यू’ आधी वाचलेल्या मुलाला हे वाक्य वाचून दाखवा. ते लगेच सांगेल, ‘मला माहीत आहे की!’ आणि निवेदक तिथेच खोटा पडेल.

चकलीचा_सोऱ्या

म्हणजे आईशी भांडण झाले की थेट लेखकाला पत्र टाकायचे. आमच्या वेळी ही सोय नव्हती.

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये राहते आणि माझ्या दोन्ही मुलांना ही पुस्तके मोठ्याने वाचून दाखवली आहेत. सुरुवात कपाटापासून करावी याला माझा दुजोरा आहे. सात वर्षांच्या मुलाला गोष्ट झेपते, पण तिच्यामागचा काळ मात्र आपण दोन वाक्यांत सांगावा लागतो, नाहीतर दोन गोष्टी हातातून निसटतात.

पहिली गोष्ट म्हणजे ही चार भावंडे आईवडिलांशिवाय एका म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या घरी का येऊन राहतात. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडन आणि इतर शहरांतली लाखो मुले आगगाडीत बसवून खेड्यांत पाठवण्यात आली. अशा काही मुली ऑक्सफर्डजवळ लुईस यांच्या घरीही राहिल्या होत्या. कल्पनेचा धागा तर त्याहूनही जुना आहे. बर्फाळ जंगलातून छत्री आणि पुडकी घेऊन जाणारा, कमरेखाली बोकड असलेला माणूस, हे चित्र आपल्या मनात सोळाव्या वर्षापासून होते, असे लुईस यांनीच लिहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट मिठाईची. त्या भावंडांपैकी एडमंड एका डब्यातल्या तुर्किश डिलाइटसाठी सख्ख्या भावंडांना चेटकिणीच्या हवाली करायला निघतो, हे आजच्या मुलांना हास्यास्पद वाटते, कारण त्यांना चॉकलेट कधीही मिळते. पण पुस्तक आले तेव्हा, म्हणजे युद्ध संपून पाच वर्षे झाल्यावरही, ब्रिटनमध्ये मिठाई शिधापत्रिकेवर मिळत होती. ते बंधन फेब्रुवारी १९५३ मध्ये उठले. माझ्या मुलाला हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘किती मोठा डबा होता?’

चवीची कल्पना द्यायची असेल तर आपल्याकडचा कॉर्नफ्लॉवरचा कराची हलवा त्याच्या बराच जवळ जातो, फक्त तुपाऐवजी गुलाबपाणी आणि वरून पिठीसाखर असे समजा. आम्ही मुद्दाम खरा डबा आणला होता. धाकटीने एक तुकडा चघळून निर्णय दिला की एवढ्याशासाठी तिने दादाला विकले नसते, पण काजूकतलीसाठी विचार केला असता.

निळी_शाई

मी एक सूचना करते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. आमच्या चिरंजीवांनी पहिले प्रकरण ऐकल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी लोखंडी कपाटात शिरून दार ओढून घेतले. बाहेरून कडी पडली. साड्यांच्या घड्यांमागे नार्निया नव्हता, भिंत होती. मी घरात होते म्हणून पाच मिनिटांत आवाज ऐकू आला.

नंतर पुस्तक पुन्हा पाहिले तेव्हा मान खाली घालावी लागली. लुईस यांनी ही धोक्याची सूचना एकदा नव्हे, अनेकदा लिहिली आहे. लूसी आत शिरते तेव्हा दार उघडे ठेवते, कारण कपाटात स्वतःला कोंडून घेणे हा शुद्ध मूर्खपणा असतो हे तिला ठाऊक असते. तिचा मोठा भाऊ पीटरही तेच करतो. दार लावून घेतो तो एडमंड. मी वाचताना ही वाक्ये गोष्टीच्या ओघात गाळली होती. सांजवेळताई, तुम्ही गाळू नका.

दगडफूल

मूळ प्रश्नातल्या तिसऱ्या भागाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. अस्लानने अपराध्याच्या बदल्यात मरण पत्करणे आणि पुन्हा उठणे, ही ख्रिस्ताची कथा आहे याबद्दल दुमत नाही. तिचा मला त्रास नाही. आपल्या मुलांनी येशूची गोष्ट ऐकली तर त्यात काय बिघडते? माझी अडचण वेगळी आहे. नार्नियाच्या दक्षिणेला वाळवंटापलीकडे कालोर्मेन नावाचे साम्राज्य आहे. तिथली माणसे सावळी, डोक्याला पागोटे, हातात वाकडी तलवार. त्यांच्यात गुलामगिरी चालते. त्यांच्या देवाचे नाव ताश. त्याला गिधाडासारखे डोके आणि चार हात आहेत, आणि शेवटच्या पुस्तकात तो जिथून जातो तिथले गवत करपते.

आमच्या देवघरात चार हातांचा गणपती आहे. माझ्या पुतणीने ‘द लास्ट बॅटल’ वाचून मला सरळ विचारले, ‘काका, चार हात असले की देव वाईट असतो का?’ या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच पुरेसे वाटले नाही. उत्तरेचे गोरे ते स्वतंत्र आणि सरळ, दक्षिणेचे सावळे ते क्रूर आणि कारस्थानी, ही मांडणी एका पिढीच्या इंग्रजांना नैसर्गिक वाटत होती. ती आपण आपल्या मुलांना झोपताना, आईच्या आवाजात का ऐकवावी?

अर्धविराम

दगडफूल यांचा मुद्दा वजनदार आहे, पण तो अख्ख्या मालिकेला लावू नये. कालोर्मेन ठळकपणे येते ते दोनच पुस्तकांत, ‘हॉर्स’ आणि ‘लास्ट बॅटल’मध्ये. त्यांपैकी ‘हॉर्स’ची नायिका अराविस ही कालोर्मेनचीच आहे आणि मालिकेतल्या सगळ्या मुलींमध्ये मला तीच जास्त धीट वाटते. कालोर्मेनमध्ये मुलांना गोष्ट सांगण्याची कला शिकवतात, जशी इंग्लंडमध्ये निबंध लिहिण्याची शिकवतात, फरक इतकाच की गोष्टी लोकांना ऐकायच्या असतात आणि निबंध वाचायची इच्छा झालेला माणूस अजून भेटलेला नाही, असा टोमणाही लुईस यांनी त्याच पुस्तकात मारला आहे.

ग्रंथपाल_निवृत्त

शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा तरुण कालोर्मेन सैनिक आहे, त्याचाही उल्लेख व्हावा. त्याने आयुष्यभर ताशची निष्ठेने भक्ती केलेली असते आणि अस्लानसमोर आल्यावर तो मरणाची वाट पाहतो. अस्लान त्याला सांगतो की तू खऱ्या मनाने जी सेवा केलीस ती माझ्याकडेच पोचली. गीतेच्या नवव्या अध्यायात अन्य देवतांची श्रद्धेने पूजा करणारेही मलाच पूजतात, असे म्हटले आहे, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दगडफूल

आठवण मलाही झाली. पण गीतेत त्या अन्य देवतांना गिधाडाचे डोके दिलेले नाही. एमेथ चांगला ठरतो तो ताशचा भक्त असूनही. ही सवलत आहे, बरोबरी नव्हे. तरीही एवढे मान्य करतो की सात वर्षांच्या मुलासाठी शेवटचे पुस्तक बाजूला ठेवले तर माझी बरीचशी तक्रार आपोआप दूर होते.

कोरडवाहू

आमच्या शाकाहारी घरात वेगळाच पेच उभा राहिला. ‘डॉन ट्रेडर’च्या सुरुवातीला युस्टेस हा अत्यंत आगाऊ मुलगा येतो. त्याचे आईवडील किती विचित्र आहेत हे ठसवण्यासाठी लुईस सांगतात की ते शाकाहारी आहेत, सिगारेट ओढत नाहीत आणि दारूला शिवत नाहीत. माझ्या वडिलांनी चष्मा वर करून विचारले, ‘मग बिघडले कुठे?’ तेवढा परिच्छेद तीनदा वाचावा लागला, कारण दर वेळी कोणीतरी हसत होते. पुढे युस्टेसचा ड्रॅगन होतो आणि अस्लान त्याची कातडी सोलतो, तिथे मात्र खोलीत कोणी हसले नाही. माझ्या मते सातही पुस्तकांतला तो सर्वांत चांगला प्रसंग आहे.

टेम्सकाठी

ऑक्सफर्डला जाणाऱ्यांसाठी थोडे विषयाला धरूनच: लुईस यांची कबर हेडिंग्टन क्वारीच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात आहे, आणि आत नार्नियातली पात्रे कोरलेली काचेची खिडकी आहे. शहरात एका बोळात दिव्याचा खांब आणि कोरीव फॉन, म्हणजे तोच कमरेखाली बोकड असलेला माणूस, असलेले दार दाखवून ‘इथेच त्यांना कल्पना सुचली’ असे गाईड सांगतात. मला ते गाईडांना सुचलेले वाटते. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. पुस्तकांतली चित्रे काढणाऱ्या पॉलीन बेन्स यांच्या बालपणाची पहिली काही वर्षे भारतात गेली होती. ती चित्रे असलेलीच आवृत्ती घ्यावी.

सांजवेळ

सर्वांचे आभार. वसुबारसेला कपाटापासून सुरुवात केली. आज सहा रात्री झाल्या. अडचणी आल्या त्या भलत्याच ठिकाणी.

फॉनला मराठीत काय म्हणावे यावर मी दुपारभर विचार केला होता, पण प्रश्न सासूबाईंनीच निकालात काढला. त्या फॉनचे मिस्टर टम्नस हे नाव त्यांनी ‘तुंबरू’ असे ऐकले, आणि अर्धे शरीर जनावराचे आहे, बासरी वाजवतो, म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली. तुंबरू हा गंधर्व, त्याचे तोंड घोड्याचे असते, इथे पाय बोकडाचे आहेत, एवढा फरक परदेशात व्हायचाच, असे त्या म्हणाल्या. आता घरात सगळे तुंबरूच म्हणतात. बीव्हरला मी पाणमांजर म्हटले, तर मुलीने मला थांबवून सांगितले की पाणमांजर म्हणजे ऊद, आणि बीव्हर हा उंदराच्या कुळातला, धरण बांधणारा. तेव्हा बीव्हर तसाच ठेवला.

खरी अडचण आहे ती ‘आदमचा पुत्र’ आणि ‘ईव्हची कन्या’ या संबोधनांची. मी ‘मनूचा पुत्र’ आणि ‘मनूची कन्या’ असे सांगते आहे. मानव शब्दाचा अर्थच तो आहे. हे बरोबर आहे का?

चकलीचा_सोऱ्या

बीव्हर हा पाटबंधारे खात्यातला प्राणी आहे, असे सांगावे. आजींना लगेच कळेल.

ग्रंथपाल_निवृत्त

मनू ऐकायला सुंदर आहे, पण मी आदमच ठेवीन. पुढे ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये अस्लान सांगतो की आदम आणि ईव्ह यांच्या वंशात जन्मणे हा भिकाऱ्यालाही ताठ मानेने चालायला लावणारा मान आहे आणि सम्राटालाही खाली पाहायला लावणारी लाजही आहे. ती लाज मनूच्या कथेत नाही. शिवाय आदम आपल्याला परका कुठे आहे? ‘आदमी’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला आहे, आणि तो आजींना नक्की ठाऊक असेल. आणखी एक विनंती करतो. चौदावे आणि पंधरावे प्रकरण एकाच रात्री वाचा. चौदाव्याच्या शेवटी दिवा मालवलात तर सात वर्षांचे मूल अस्लान मेला एवढेच घेऊन झोपेल.

निळी_शाई

मुलगी अकरा वर्षांची आहे म्हणून लूसीची मोठी बहीण सूझन हिच्याबद्दलही आताच सांगून ठेवते. शेवटच्या पुस्तकात बाकी सगळी भावंडे परततात आणि सूझन मात्र वगळली जाते. कारण सांगितले जाते ते हे की तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि समारंभांची निमंत्रणे यांखेरीज कशात रस उरलेला नाही. कपाटाच्या पुस्तकातही फादर ख्रिसमस मुलींना शस्त्रे देतो आणि वर स्त्रिया लढल्या की युद्ध कुरूप होते, असे ऐकवतो. माझ्या मुलीला सूझनचा राग आला नाही, लेखकाचा आला. पुस्तक तिने दोन दिवस पालथे घालून ठेवले होते.

वाटसरू

लिपस्टिकचा मुद्दा अर्धवट उचलला जातो, असे मला वाटते. सूझन ‘आपण लहानपणी खेळायचो ते खेळ’ म्हणून नार्निया हसून उडवते, हे तिचे वगळले जाण्याचे खरे कारण आहे. लुईस यांनी एका मुलाला लिहिलेल्या पत्रात तिला सुधारायला अजून भरपूर वेळ आहे, असेही म्हटले होते.

निळी_शाई

पत्रात म्हटले होते. पुस्तकात म्हटले असते तर माझ्या मुलीने ते पालथे घातले नसते. आणि आई, वडील, भाऊ, बहीण सगळे एकाच रेल्वे अपघातात गेल्यावर मागे उरलेल्या त्या मुलीचे काय झाले, याबद्दल एक ओळही नाही.

अर्धविराम

इथे मात्र मी निळी_शाई यांच्या बाजूने. सातवे पुस्तक मोठ्याने वाचायचे नसते. मूल अकरा-बारा वर्षांचे झाले की त्याच्या हाती द्यावे आणि आपण जवळपास असावे.

सांजवेळ

काल त्रिपुरी पौर्णिमेला पुस्तक संपले. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज या दोन रात्री वाचन झाले नाही. काकांच्या सांगण्याप्रमाणे चौदावे आणि पंधरावे प्रकरण सलग वाचले. चेटकीण अस्लानची आयाळ कापवते तिथे मुलगा आजीच्या मांडीवर जाऊन बसला आणि म्हणाला, ‘हा नरसिंहासारखा चिडत का नाही? त्याला नखे आहेत.’ मला उत्तर सुचले नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘चिडायचे ठरवले असते तर तो दोरीने बांधून घ्यायला आलाच नसता. ऐक पुढे.’ मग उंदीर दोऱ्या कुरतडायला लागले तेव्हा तो पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला.

आदमचेही सांगते. सातव्या रात्रीपासून मी ‘आदमचा पुत्र’ म्हणू लागले. सासूबाईंनी एकदाच विचारले, ‘म्हणजे आदमीच ना?’ आणि विषय संपला. लोखंडी कपाटाची किल्ली मी पहिल्याच दिवशी काढून वरच्या फळीवर ठेवली आहे.

मुलीने संचातले सातवे पुस्तक उचलले होते, ते मी तिच्याकडून मागून घेतले नाही, फक्त ‘वाचून झाले की मला सांग’ एवढेच म्हटले. तिने परत ठेवले आणि पाचवे घेतले. आता घरात मागणी आहे ती पुढच्याची. ‘कॅस्पियन’ घ्यावे की ते सोडून थेट ‘डॉन ट्रेडर’?

कोरडवाहू

‘डॉन ट्रेडर’. ड्रॅगनसाठी.

ग्रंथपाल_निवृत्त

‘कॅस्पियन’. पंधराच प्रकरणे आहेत, आजपासून लावलेत तर देवदिवाळीपर्यंत होईल. शिवाय त्यात रीपिचीप नावाचा तलवारबहाद्दर उंदीर आहे, आणि दोऱ्या कुरतडणाऱ्या उंदरांचे पुढे काय झाले हे तुमच्या मुलाला त्याच पुस्तकात कळेल.